नवमीला तुला हाकललं, त्याबद्दल

प्रिय रंजना,

पहिली आली ती ठकीच, तुझी चिखलातली जोडीदारीण. माझं अंगण झाडून व्हायचं होतं, चहाचं आधण ठेवायचं होतं, आणि ही निवट्यांचा डबा घेऊन दारात उभी. "आय, रंजीच्या पानाला आनल्यात. बघ कशा नाचतान." डब्यावर फडकं बांधलेलं, आत खाडीचं चिखल-पाणी, त्यात उड्या मारणाऱ्या त्या बोटभर मासळ्या, आणि फडक्याला खालून टकटक टकटक. तू असतीस तर तिथेच उंबऱ्यावर बसून फडकं सोडलं असतंस.

हे कालचं, अष्टमीचं सांगते आहे. पितरांच्या पंधरवड्यातली तुझी अविधवा नवमी आज झाली. आणि नवमीला जे झालं त्यासाठी लिहायला बसले, नाहीतर दुसरीत शाळा सोडलेली बाई मी, मला कुठलं पत्र आणि कुठलं काय? शेवटचं लिहिलं ते रॉकेलच्या दुकानात सही.

आज दुपारी तू आलीस आणि आपल्याच दारातून तुला हाकललं. उपाशी हाकललं. हाकलणारी कोण परकी नव्हे, तुझी लेक. तू रागाने उडून गेलीस ती गेलीसच. कावळ्याच्या मागे धावून काय सांगता येतं का? म्हणून हे कागदावर. सगळं वाच आणि मग काय तो राग धर.

आधी लेकीचंच सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तू गेलीस तेव्हा प्रणाली दहावीत होती, वेणीसुद्धा नीट घालता येत नव्हती तिला. आता एमेस्सी झाली आणि पनवेलच्या कॉलेजात संशोधन करते. गावात मी सांगत फिरते, कोणी विचारो न विचारो. कसलं संशोधन? तर तिवराच्या पाल्याची चांदी करते. हसू नको, मीपण हसले होते. खाडीकाठचं तिवर, ज्याला बकऱ्यांशिवाय कोणी विचारत नाही, त्याचा पाला आणि चांदी!

तिने मला समजावलं. "आजी, पाल्यातून चांदी निघत नाय गो. चांदीचं मीठ असतं, ते पाण्यात विरघळवायचं. पाला उकळून त्याचा काढा गाळून त्यात घातला की मिठातली चांदी सुटी होते. एवढे बारीक कण की डोळ्याला कण दिसत नाय, नुसता रंग दिसतो."

रंग तरी चांदीसारखा असावा? नाही. आधी पिवळा, मग मधासारखा. मी म्हटलं, मीठ कशाला विकत आणतेस, माझी जोडवी घे की. तर म्हणाली, "तुझ्या जोडव्यांना हात लावला तर आजोबा वरून खाली येतील भांडायला."

पहिला काढा तिने घरीच उकळून बघितला होता, माझ्या चहाच्या टोपात. दत्ता न्हावा शेव्याला ट्रेलर सोडून आला, दमलेला, टोप बघितला, कपात ओतला, दोन चमचे साखर घातली आणि प्यायला. अर्धा कप झाल्यावर म्हणतो, "आय, चापत्ती बदललीस काय?" प्रणाली हसून हसून खाली बसली. तेव्हापासून घरात तुझ्या नवऱ्याचं नाव बोकड. तुला हे सांगायचं किती दिवस मनात होतं, पण त्यासाठी कोण पत्र लिहितं?

तिची बोटं मात्र काळी झालीत. ते चांदीचं मीठ हाताला लागलं की डाग पडतो, निघत नाही. मी राखेने घासलं, लिंबाने घासलं, चिंचेने घासलं, शेवटी कातडं सोलायची वेळ आली. करंजाड्याची माणसं तिला बघायला आली होती, मुलगा बँकेत. त्या मुलाच्या आईने चहाचा कप घेतला आणि बोटांकडे बघतच राहिली. "हे काय लागलंय गं?" तर तुझी लेक साधेपणाने म्हणाली, "चांदी." त्या बाईला वाटलं पोरगी टेंभा मिरवते. परत फिरकली नाहीत. तू असतीस तर तूच फिरवून बोलली असतीस काहीतरी. मला नाही जमलं, मी नुसती हसले.

आता ही चांदी कशासाठी, ते ऐक. त्या मधासारख्या पाण्यात कुठलंही पाणी घातलं आणि त्यात पारा असला, ताप बघायच्या काडीतला असतो ना तो, तर रंग उडतो. साध्या पाण्यासारखं पांढरं होतं. रंग राहिला तर बरं, गेला तर वाईट. एवढंच. मला एवढंच कळतं, आणि वाटतं एवढंही कळलं नसतं तर बरं झालं असतं.

ठकी डबा ठेवून चहा पीत बसली होती, तेवढ्यात प्रणालीच्या मॅडम आल्या. बरोबर दोन मुली, बर्फाची पेटी, बाटल्या. खाडीचं पाणी न्यायला. ठकीने बघितलं आणि लगेच टोमणा मारला, "मास्तरीनबाई, भांगाला आलात? अष्टमीची ओहोटी मरतुकडी, आज पानी कुठं हटतंय? अमावास्येला यायचं, खाडी पार आत जाते, चिखल उघडा पडतो."

प्रणालीला ते ठाऊक नव्हतं असं नाही. ती म्हणाली, "ठकी मावशी, कॉलेजची गाडी आजच मिळाली." मॅडम हसल्या, म्हणाल्या, "आजचं घेऊन जातो, परत येऊ." चांगली बाई आहे. चहा घेतला, बशीत ओतून घेतला. आपल्यासारखाच.

त्या किनाऱ्यावर जाऊन बाटल्या भरून आल्या. तेव्हा मीच हट्ट धरला, रंजना. मीच म्हटलं, मला दाखव ना गो, सगळ्या जगाला दाखवतेस. मॅडमनी परवानगी दिली. ओट्यावर स्टँड ठेवला, त्यात काचेच्या नळ्या, करंगळीएवढ्या. प्रत्येकीत तो मधाचा रंग. सकाळचं ऊन त्यातून आरपार यायचं. इतकं सुंदर दिसत होतं की मी टाळ्या वाजवल्या, म्हातारीने.

पण तुला खरं सांगू? दुसऱ्याच क्षणी मला तुझे डोळे आठवले. शेवटी तुला कावीळ झाली तेव्हा डोळे अगदी असेच झाले होते. हाच रंग. तेव्हा आम्ही सगळे देवाला म्हणत होतो, हा पिवळा जाऊ दे, एवढा पिवळा जाऊ दे. आणि इथे तुझी लेक नळीकडे बघून श्वास धरून बसली होती, पिवळा राहू दे म्हणून.

पहिल्या नळीत आपल्या नळाचं पाणी घातलं. रंग राहिला. मी म्हटलं, बघ, झालं की. दुसऱ्या नळीत खाडीचं. थोडं गढूळ झालं, मग कडेने फिकं पडत गेलं, मग आख्खंच. पांढरं.  मग ठकी म्हणाली, "माझ्या डब्यातलं घाल." प्रणाली म्हणाली, नको मावशी. ठकी म्हणाली, "घाल म्हनते ना." तिने घातलं. तेही गेलं.

मॅडम लगेच म्हणाल्या, "आजी, हा निकाल नाही. खाडीचं पाणी खारट, मिठानेही रंग बिघडतो. आधी मिठाचं वेगळं काढायला लागेल, कॉलेजच्या यंत्रावर बघायला लागेल. आणि ओहोटीचा चिखल हवा." चांगल्या शब्दात म्हणाल्या. प्रणालीने मान हलवली. पण ती माझी नात आहे, तिची मान खोटी हलते तेव्हा मला कळतं.

ठकी उठली. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "म्हंजे मी बाजारात पारा विकते काय? तुझी आय आनि मी एका बिळावर चार हात घातलेत पोरी. तुझी शाळा ह्याच निवट्यांवर झाली. आता शिकलीस तर आमच्या टोपलीत थुकतेस?"

"मावशी, मी थुकत नाय."

"मग काय करतेस?"

  ठकी डबा तसाच टाकून गेली. जाताना म्हणाली, "तपासा आता एकेक निवटी. नाडी बघा तिची."

मॅडम गेल्यावर मी प्रणालीला एकच विचारलं. तुझ्या आईचं पण असंच काही... ती मला मधेच थांबवून म्हणाली, "नाय आजी. कावीळ वेगळी, पारा वेगळा. ते मनात आणू नको." नाही आणणार म्हटलं. पण मन काय वेशीवर थांबतं?

माझं दुःख तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगितलं तर म्हणतील म्हातारीला नातीचं कौतुक नाही. कौतुक तर इतकं आहे की छातीत मावत नाही. पण असलं कसलं नशीब, गावात पहिली पोरगी एवढी शिकली, हाताची बोटं काळी करून शिकली, आणि तिने शोधून काय आणलं तर हे? दुसऱ्यांच्या पोरी शिकून फ्रिज आणतात.

पाणी कुठून खराब होतं ते कोण सांगणार? वरच्या अंगाला कारखाने आहेत, इकडून विमानतळाच्या भरावाचे डंपर, तिकडून इमारतींची गटारं. सगळ्यांचं वाहत येतं आणि खाडी काही बोलत नाही. आधीसुद्धा वास यायचा, आधीसुद्धा मासा कमी झाला होता. पण आपण म्हणायचो, यंदा कमी आहे. यंदा. पुढच्या वर्षी येईल. आता तो शब्दसुद्धा तोंडातून निघत नाही.

आणि मग तुझी नवमी. इथून खरं अवघड सुरू होतं.

आपल्यात मेलेल्या माणसाला जे आवडायचं तेच पानात. तुझ्या पानात दरसाल निवट्यांचं कालवण. दुसरं काही तू मागितलंच नाहीस कधी. निवट्या धरायला जायचीस तेव्हा बिळाच्या एका तोंडावर पाय दाबायचीस, दुसऱ्या तोंडातून हात घालायचीस आणि तिच्याशी बोलायचीस, "ये गो बाहेर, पनवेलला सासर बघून ठेवलंय तुझं." ठकी चिखलात लोळायची हसून. मी काठावरून ओरडायची, अगं सासू उभी आहे इथे, जरा लाजा.

आज सकाळी डबा माझ्यासमोर आणि मी विळीवर बसलेली. कापू की नको? दत्ताला विचारलं. तो म्हणाला, "आय, मेलेल्या मानसाला काय होतंय? तिला आवडतं ते घाल." मला पटलं. मी फडक्याची गाठ सोडायला घेतली. प्रणालीने माझा हात धरला. ती म्हणाली, "आईला काही नाय होणार बाबा. पण पान खातो तो कावळा. आणि कावळ्यानंतर जेवतो ते आपण."

  मी डबा बाहेर आंब्याखाली नेऊन ठेवला, फडकं परत बांधून.

मग वालाचं बिरडं केलं, वडे, भोपळ्याची भाजी, तांदळाची खीर. सोन्यासारखं रांधलं, पण मला ते पान मुकं दिसत होतं. सवाष्ण म्हणून दरसाल ठकीच बसते तुझ्या नावाने. मी म्हटलं यंदा येणार नाही. तर आली. हिरवी साडी नेसून, केसात अबोली माळून. उंबऱ्यातच म्हणाली, "रंजीसाठी आलेय. तुमच्यासाठी नाय." म्हटलं, बस.

पान अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. आम्ही वाट बघतोय. तू यायचीस तर पान ठेवायच्या आधी कौलावर हजर, तुला कधी धीर नव्हता. आज नाही. ऊन डोक्यावर आलं. दत्ताने हात जोडून सांगितलं, प्रणालीचं चांगलं करीन, काळजी नको. नाही आलीस. मी सांगितलं, ठकीशी भांडण मिटवेन. नाही. वड्यांवर माशा बसायला लागल्या.

आणि मग आलीस. भिंतीकडे बघितलंसुद्धा नाहीस. सरळ आंब्याखाली, डब्यावर. मान तिरकी करून फडक्याखालची टकटक ऐकलीस, चोचीने गाठ ओढलीस, आणि एक निवटी उचललीस. रंजना, मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मी ठकीचा हात दाबला. ठकीच्या डोळ्यांत पाणी. दत्ता म्हणाला, "घेतलंन. तिनं तिचं घेतलंन."

तेवढ्यात प्रणाली धावली. अनवाणी, टाळ्या वाजवत, अंगणभर ओरडत. "नको! आई, नको खाऊ! टाक ते, टाक!" माती उचलून मारली तिने. तुझ्यावर. नवमीच्या दिवशी, आईच्या कावळ्यावर. निवटी चोचीतून पडली, धुळीत उड्या मारत राहिली. तू उडालीस. पान तसंच.

 असं कोणी केलेलं मी माझ्या आयुष्यात ऐकलेलं नाही. प्रणाली तिथेच मातीत बसली आणि इतकी रडली, इतकी रडली की तू गेलीस त्या दिवशीही तेवढी नव्हती रडली. तेव्हा ती सगळ्यांना पाणी देत फिरत होती, आठवतं? तुला कसं आठवेल.

मी तिला ओरडायला निघाले होते. खरंच. पण ठकी माझ्या आधी उठली. तिने ती निवटी धुळीतून उचलली, डब्यात टाकली, हात धुतला आणि पोरीपाशी जाऊन बसली. तिच्या काळ्या बोटांना धरून म्हणाली, "रडू नको गो. तू तुझ्या आयेला हाकललंस. मंग मी गिऱ्हाईकाला कशी वाढू?"

एवढंच बोलली. मग डबा उचलून खाडीवर गेली आणि सोडून आली सगळ्या. परत आली ती रिकामा डबा आपटत. टोपली तिने ओट्याखाली उपडी घालून ठेवली आहे. मॅडमचं यंत्र काय ते सांगेपर्यंत बाजार नाही म्हणाली. मी म्हटलं, आणि मग खाशील काय? तर म्हणते, "तुमच्याकडचं बिरडं. केवढं उरलंय."

ती हसली, मी हसले. पण आमचं हसू कसं असतं ते तुला ठाऊक आहे. यंत्राने मीठ म्हटलं तर बरं, टोपली सुलटी होईल. पारा म्हटलं तर? ह्या वयात ठकी दुसरं काय शिकणार? आणि कोणाच्या दारात जाऊन विचारायचं की आमची खाडी परत द्या? मला काही दिसत नाही, रंजना. संध्याकाळपासून किनाऱ्याकडे बघते आहे. पाणी तेच आहे. सोनेरी दिसतंय. बघितलं तर कोणाला खरं वाटणार नाही.

प्रणालीवर रागावू नको. तिने तुला हाकललं नाही. तू जिवंत असतीस आणि चमचा तोंडाकडे नेला असतास, तर तिने हात असाच झटकला असता. आम्ही तुला मेलेली धरून पान ठेवलं. तिने नाही धरलं. तिला एवढी वर्षं झाली तरी जमलेलं नाही ते, एवढाच तिचा गुन्हा.

राग यायचा तर मला तुझाच येतो. पानं मी वाढायची आणि खायची तू, असं कुठे असतं का? सासूच्या पानाला सून रांधते. तू सगळं उलटं करून ठेवलंस आणि वर कौलावर बसून वाकडी मान करून बघतेस.

आता एक शब्द देते, म्हातारीचा आहे, पण पक्का आहे. खाडीचं काय ते कळेपर्यंत तुझ्या पानात खाडीतलं काही पडणार नाही, तू कितीही रुसलीस तरी. ठकीचं ताट तोवर माझ्या घरात. आणि निकाल चांगला येवो की वाईट, तो मी स्वतःच्या कानाने ऐकेन आणि मगच तिकडे येईन तुला सांगायला. त्याआधी येत नाही, बोलावणं आलं तरी. तू पुढच्या वेळी सरळ भिंतीवर बस. वडे गरम असतील.

मॅडम सर्वपित्री अमावास्येला येतो म्हणून गेल्या आहेत, पहाटेच्या ओहोटीला, चिखल उघडा पडेल तेव्हा.

तुझी,
आय
(सासू म्हटलेलं तुला कधी आवडलं नाही)